कासापर्यंत पुस्तक कसं पोहोचतं?

रमजान सुरू झाला की घरोघरी एक ग्रंथ हमखास उघडतो. तीस पारे आणि तीस दिवस, हिशेब सोपा. कुणी सहरीनंतर अर्धा पारा वाचतं, कुणी असरच्या नमाजनंतर उरलेला पुरा करतं. ज्यांना वर्षभर वाचायला सवड मिळत नाही, त्यांनाही या महिन्यात ती सापडते. दुपारी बाजार मंदावतो, स्वयंपाकघर थंड असतं, चहाच्या निमित्ताने होणाऱ्या फेऱ्या बंद पडतात. ज्या धर्माच्या ग्रंथाचा अवतरलेला पहिला शब्दच ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’, असा आहे, त्या धर्माच्या माणसांना वाचनाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तरी एक प्रश्न उरतो. पारा वाचून झाला, इफ्तारला अजून दीड तास आहे आणि हात दुसऱ्या पुस्तकाकडे गेला, तर तिथे काय असतं? मराठीत वाचायचं ठरवलं, त्यातही आपल्यासारख्या माणसांनी आपल्यासारख्या माणसांविषयी लिहिलेलं वाचायचं ठरवलं, तर ते मिळतं कुठे?

हा प्रश्न पुण्यात विचारला तर उत्तर अवघड नाही. तो कासाला विचारून पाहावा.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाका लागतो. तिथून जव्हारच्या दिशेने आत वळलं की कासा. डहाणू तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. दवाखाना, पोलीस ठाणं, बियाणं, किराणा यासाठी आसपासच्या पाड्यांवरची माणसं इथे येतात. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी; चैत्री पौर्णिमेला तिची जत्रा भरते आणि पंधरा दिवस हा सगळा परिसर माणसांनी फुलून जातो. अलीकडची काही वर्षं ईदची खरेदी आणि जत्रेची तयारी पुढे-मागेच येत आहे. धामणीला सूर्या नदीवर धरण आहे. त्याचं पाणी नळातून वसई-विरारपर्यंत पोहोचतं. इथल्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध अनेकदा आवाज उठवला; पाणी जायचं ते गेलंच. शहरातून इकडे येणाऱ्या मालात पुस्तकं मात्र फारशी नसतात.

राज्याबाहेर बहुतेकांनी कासाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते एप्रिल २०२० मध्ये. टाळेबंदीचे दिवस होते. मुलं पळवणारी टोळी रात्री फिरते, अशी अफवा पाड्यापाड्यांवर पसरली होती. १६ एप्रिलच्या रात्री कासा पोलीस ठाण्याच्या हद्दीत गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना जमावाने ठार केलं. घटना भीषण होती. ती पुरेशी भीषण नाही असं वाटून की काय, चित्रफिती बाहेर आल्याबरोबर तिला धर्माचा रंग देणारे संदेश देशभर फिरू लागले. अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, २५ एप्रिलला, रमजान सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरात, आणि पालघर जिल्ह्यातल्या मुसलमानांच्या मनात एक नवीच धाकधूक. त्या आठवड्यात डहाणू-तलासरीवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी या भागाविषयीचं एखादं पुस्तक उघडलं असेल? हा भाग बाहेरच्यांना बातमीतून माहीत आहे आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चित्रांतून माहीत आहे. पुस्तकांतून फार कमी.

पुस्तकं नाहीत असं मात्र नाही. सगळ्यांत आधी नाव घ्यावं लागतं ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाचं. ते १९७० साली आलं. गोदाताई कार्यकर्त्या म्हणून तेव्हा सर्वांना ठाऊक होत्या, लेखिका म्हणून नव्हत्या. साहित्याच्या दरबारात त्यांचं नाव नवंच म्हणायचं. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आज हे पुस्तक ‘अभिजात’ म्हणून कपाटात जाऊन बसलं आहे आणि कपाटात बसलेल्या पुस्तकांचं जे होतं तेच त्याचंही झालं आहे. लोक नाव सांगतात, वाचत नाहीत. ते नव्या पुस्तकासारखं पुन्हा वाचायला हवं, कारण कथा इथल्याच मातीतली आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे वारली आदिवासींनी वेठबिगारीची हकिकत पहिल्यांदा बाहेरच्या माणसांसमोर उघडपणे सांगितली. पुढे २३ मे १९४५ला झरीच्या मेळाव्यात वेठ करायची नाही असं ठरलं. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि त्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर जमीनदाराच्या घरी राबायचं, याला ‘लग्नगडी’ म्हणत. ती प्रथा त्या दोन-तीन वर्षांत मोडली. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी हवी, ही त्यांची मागणी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. तलवाडा कासापासून फार लांब नाही.

या पुस्तकाचं बळ घोषणांत नाही. बाईंचं लक्ष बारीकसारीक गोष्टींवर आहे, ते त्याचं बळ. कुणाच्या अंगावर काय होतं, कोण कुठे उभं राहिलं, कुणी बोलताना मान खाली घातली, हे त्या टिपून ठेवतात. त्यांना सुरुवातीला लोकांचा विश्वास मिळत नाही आणि त्या ते लपवत नाहीत. एक उणीव मात्र सांगायला हवी. पुस्तक लिहिणारीचं आहे, बोलणाऱ्यांचं नाही. वारली माणूस त्यात सतत आहे, पण लेखणी त्याच्या हाती नाही. हा गोदाताईंचा दोष म्हणता येणार नाही, तेव्हा दुसरं कोण लिहिणार होतं? आणखी एक गोष्ट, जी रमजानच्या पानावर लिहायला संकोच वाटू नये. या पट्ट्यातल्या जमीनदार-सावकारांत पारशी होते, हिंदू होते आणि मुसलमानही होते. वेठ घेताना कुणाचा धर्म आड आला नाही. ज्या महिन्यात मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण मिंबरवरून ऐकवली जाते, त्या महिन्यात ही पानं वाचणं थोडं जड जाईल. जावं.

याच भागावरची आणखी काही पुस्तकं आहेत. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ हे इंग्रजी पुस्तक १९४५चं, म्हणजे उठावाच्याच वर्षातलं. अनुताई वाघांनी कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये तो अनुभव आला आहे. कविता महाजनांनी वारली लोकगीतं गोळा केली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रांवर परदेशी भाषांतही पुस्तकं निघाली. चेन्नईच्या एका प्रकाशनाने रमेश हेंगाडी, शांताराम धडपे या वारली चित्रकारांची चित्रं घेऊन २००९ मध्ये मुलांसाठी ‘डू!’ नावाचं सुंदर पुस्तक काढलं. वारली हातांनी काढलेलं आणि इंग्रजीत छापलेलं हे पुस्तक चारोटीच्या एखाद्या दुकानात सापडेल का, याची शंका वाटते.

दुसऱ्याने लिहिलेलं आपलं दुःख आणि आपण लिहिलेलं आपलं दुःख यांतला फरक वाहरू सोनवणे या भिल्ल कवीने नेमका पकडला आहे. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७चा, भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांतला. त्यांच्या एका गाजलेल्या कवितेत व्यासपीठावर बसलेले लोक खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगतात, आणि खालचे खालीच राहतात. १९९० साली पालघरला आदिवासी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष वाहरू सोनवणेच होते. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. वेगळा जिल्हा व्हायला ऑगस्ट २०१४ उजाडलं.

१९९० हे वर्ष मराठीच्या दृष्टीने मोठं गमतीचं. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यू. म. पठाण होते, संतसाहित्याचे आणि महानुभाव वाङ्मयाचे जाणते अभ्यासक. त्याच वर्षी मार्चमध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष प्रा. फकरुद्दीन बेन्नूर. मुख्य संमेलनाचा अध्यक्षच मुसलमान असताना वेगळी चूल कशाला, असं तेव्हा विचारलं गेलं आणि अजूनही विचारलं जातं. उत्तर पठाण सरांच्या विद्वत्तेत नाही, मराठी कथेत आहे. मराठी कथेतला मुसलमान बराच काळ दोन-तीन साच्यांचा होता. अत्तर विकणारा चाचा, संकटात धावून येणारा इमानी दोस्त, किंवा ऐतिहासिक कादंबरीतला दाढीवाला खान. रेशनच्या रांगेत उभा राहणारा, कर्जाचे हप्ते चुकवणारा, मुलीच्या शिक्षणावरून बायकोशी भांडणारा, शिमग्यात गावकऱ्यांबरोबर ढोल ऐकत बसणारा मुसलमान त्यात क्वचितच. हमीद दलवाईंनी ‘लाट’मधल्या कथांत आणि १९६५ च्या ‘इंधन’ या कादंबरीत कोकणातलं मुसलमान गाव आतून दाखवलं. त्यांच्या सामाजिक भूमिकेवर आजही दोन टोकाची मतं आहेत. पण त्या वादात कादंबरीकार दलवाई मागे पडले, हे मराठीचं नुकसान झालं. दलवाईंच्या विरोधकांनीही ‘इंधन’ एकदा वाचावी. कोकणी मुसलमान घरातलं बोलणं, रुसवे, जमिनीचे हेवेदावे इतक्या खरेपणाने फार थोड्यांनी लिहिले आहेत.

त्या संमेलनांनंतर लिहिणाऱ्यांची एक पिढी आली. ती मोठ्या शहरांतली नव्हती. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचे अजीम नवाज राही हे त्यांतलं ठळक नाव. ‘व्यवहाराचा काळा घोडा’ हा त्यांचा संग्रह वाचला की कळतं की वऱ्हाडातला मोहल्ला आणि वऱ्हाडातलं शेत यांची भाषा एकच आहे. राहींची प्रतिमा कधीकधी फार सजते, एकापाठोपाठ एक अलंकार येतात आणि ओळ दमते. पण ज्या कवितेत ते बाजार, उधारी, घर चालवण्याची धडपड सांगतात, तिथे त्यांची पकड घट्ट आहे. हुपरीच्या रफीक सूरज यांची कथा अशीच लहान गावातल्या मुसलमान घरांत शिरते. ही नावं साहित्याच्या वर्तुळात माहीत आहेत. सर्वसामान्य वाचकाला विचारा, दहातल्या नवांनी ऐकलेली नसतील. त्यांच्या पुस्तकांवर लिहिलं गेलं ते बहुधा त्यांच्यासारख्याच लहान नियतकालिकांत.

आता अलीकडच्या दोन पुस्तकांकडे. एक कादंबरी आहे, एक वास्तवाची नोंद.

देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच ऐकलं. सौदागर तुळजापूरचे. शिवणकाम हा त्यांचा पोटाचा धंदा आणि कादंबरीचा विषयही तोच. गावातला शिंपी, त्याचं यंत्र, आणि तयार कपड्यांच्या दुकानांनी हळूहळू हिरावलेलं त्याचं काम. रमजानच्या दिवसांत ही कादंबरी वाचावी असं एक खास कारण आहे. ज्याने ईदच्या आदल्या रात्री टेलरच्या दुकानाबाहेर ताटकळत वाट पाहिली आहे, त्याला यातलं प्रत्येक पान ओळखीचं वाटेल. पूर्वी पंधराव्या रोजालाच ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागायची. अब्बूंचा पठाणी, पोरांचे कुर्ते-पायजमे, बहिणींच्या सलवार-कमीज. कापडाच्या गठ्ठ्याला चिठ्ठी टाचलेली, काज-बटन करणारी बाई शेजारच्या गल्लीत, आणि चाँदरातीला पहाटेपर्यंत यंत्राची घरघर. आता चारोटीच्या पलीकडे महामार्गावर गाडी लावली की तयार कुर्ते टांगलेले दिसतात. एकावर एक फुकट. माप घ्यायची गरज नाही, वाट बघायची गरज नाही. शिंप्याकडे उरतं ते मोठा झालेला शर्ट आत घ्यायचं, पँटची लांबी कमी करायचं, फाटलेली चेन बदलायचं काम. कादंबरीचं नाव तिथूनच येतं. उसवणं म्हणजे शिवण उकलणं. शिंप्याच्या हातून कापड जितकं शिवलं जातं, त्याहून जास्त आता उसवलं जातं.

सौदागर यांच्या भाषेत तक्रार कमी आणि कामाची माहिती जास्त आहे, हे या कादंबरीचं मोठेपण. ज्याला काम येतं तो कामाविषयी नेमकं बोलतो. गरिबीवर लिहिताना अश्रूंचा आधार घ्यायची मराठीला जुनी सवय. ती इथे बरीच आटोक्यात आहे. पुस्तक छोटेखानी आहे. काही प्रसंग अजून थांबून लिहायला हवे होते, असं वाटत राहतं. बाजाराच्या रेट्याखाली माणूस मोडतो हे कळतं, पण त्याच्या घरातल्या बायकांना काय वाटतं हे तितकं कळत नाही. पुरस्कारानंतर आलेल्या बऱ्याच बातम्या लेखकाच्या शिलाई यंत्राभोवतीच फिरल्या. शिंप्याने कादंबरी लिहिली, ही बातमी झाली. कादंबरी कशी आहे, याला ओळी उरल्या नाहीत. कौतुक असं केलं जातं की पुस्तक वाचायची गरजच उरू नये.

दुसरं पुस्तक पत्रकार हिनाकौसर खान यांचं, ‘धर्मरेषा ओलांडताना’. वेगवेगळ्या धर्मांत जन्मलेल्या आणि एकमेकांशी लग्न केलेल्या जोडप्यांच्या मुलाखती. विषय असा की नुसतं नाव घेतलं तरी दोन्ही बाजूंची माणसं सरसावून बसतात. लेखिकेने शहाणपणा असा केला की वादात न शिरता माणसांना बोलू दिलं. घरी कसं सांगितलं, कुणाच्या आईने किती वर्षं बोलणं टाकलं, सण कोणते करायचे, मुलांची नावं काय ठेवायची, देवघराचं काय, रोजाचं काय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि त्या तीस दिवसांत काय काय घडू शकतं, हे वकिलाच्या पुस्तकात वाचणं वेगळं आणि ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं. इस्लामी शरीयतीच्या दृष्टीने या लग्नांबद्दल उलेमांचं मत स्पष्ट आहे आणि ते मानणाऱ्या वाचकालाही हे पुस्तक वाचता येईल. त्यात त्याला कुणी मत बदलायला सांगत नाही. शेजारच्या माणसाच्या घरात काय चाललं आहे ते कळतं, इतकंच.

मर्यादा आहे ती मुलाखतीच्या पद्धतीची. जी जोडपी बोलायला तयार होतात ती बहुतेक टिकलेल्या संसाराची असतात. जे संसार मोडले, ज्या मुली परत आल्या, ज्यांनी घरी कधी सांगितलंच नाही, त्यांचा आवाज अशा पुस्तकात येणं कठीण. शिकलेल्या, शहरातल्या, चळवळींची ओळख असलेल्या माणसांना बोलणं सोपं जातं. डहाणू-तलासरीसारख्या भागात, जिथे वारली, कोळी, माच्छी, मुसलमान, पारशी, इराणी एकाच बाजारात वावरतात, तिथल्या अशा लग्नांचं काय होतं, हे लिहायचं बाकी आहे. ते कुणी इथलंच लिहील तेव्हा खरं.

इथे परीक्षण या प्रकाराबद्दल दोन शब्द बोलावे लागतात. कमी माहीत असलेल्या लेखकाच्या पुस्तकाच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. पहिली म्हणजे शांतता. प्रत पाठवली, पोच नाही, वर्ष गेलं. दुसरी म्हणजे पाठ थोपटणं. ‘मुस्लिम असूनही किती ओघवती मराठी’, ‘आदिवासी असून केवढी प्रगल्भता’. हे ‘असूनही’ लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ज्याच्याविषयी लिहिलं त्याला ते बोचतं. साखरखेर्ड्यात किंवा चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या माणसाला मराठी येण्यात आश्चर्य काय? शेख महंमद श्रीगोंद्याला ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहून गेले, सगनभाऊंच्या लावण्या पेशवाईत मराठीतच होत्या. हे आश्चर्य आता आवरतं घ्यावं आणि लेखकाला त्याचा हक्क द्यावा: त्याची चूक दाखवण्याचा. ज्या पुस्तकाची उणीव कुणी सांगत नाही, त्या पुस्तकाला कुणी गंभीरपणे घेतलेलं नसतं. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं तेव्हा पु. ल. देशपांड्यांनी त्यावर लिहिलं आणि ज्या घरांत ते पुस्तक एरवी गेलं नसतं तिथे गेलं. प्रत्येक लेखकाला पु. ल. मिळत नाहीत. पण प्रत्येक जिल्ह्यात एखादा मास्तर, एखादा ग्रंथपाल, एखादी वाचणारी बाई असते, आणि त्यांच्या चार ओळी स्थानिक अंकात आल्या तरी शंभर प्रती हलतात.

प्रती हलणं हीच खरी अडचण. पहिलं पुस्तक काढणाऱ्याला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. राज्य पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळे गट आहेत. पहिल्या काव्यसंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, पहिल्या कादंबरीचा श्री. ना. पेंडशांच्या. पुस्तक छापण्यापर्यंतची वाट अशी थोडीफार तरी आहे. छापल्यानंतरची नाही. अनेक नवे लेखक छपाईचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात आणि गठ्ठे पलंगाखाली ठेवतात. सार्वजनिक ग्रंथालयं १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेतात, अ, ब, क, ड असा त्यांचा वर्ग ठरतो आणि ‘ड’ वर्गातल्या ग्रंथालयाच्या हाती पुस्तकांसाठी फार पैसे नसतात. असतात त्यांत स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, चार रहस्यकथा आणि वर्गणीदारांनी मागितलेली नेहमीची नावं बसतात. नव्या लेखकाचं पुस्तक कुणी मागितलंच नाही तर ग्रंथपालाने ते का घ्यावं?

टपालाचा एक आधार होता. नोंदणीकृत पुस्तक टपालाने पाच किलोचं पुडकं सुमारे ८० रुपयांत देशात कुठेही जायचं. पुण्यातला किंवा सोलापुरातला लहान प्रकाशक जव्हारच्या वाचकालाही त्याच दरात पुस्तक पाठवू शकत होता. १८ डिसेंबर २०२४ पासून टपाल खात्याने ही सेवा बंद केली. कुरिअरवाले शहरात दारापर्यंत येतात, पाड्यावर नाही. प्रकाशकांनी बराच आरडाओरडा केला. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सोय आली. त्यात पुस्तकं जमिनीवरच्या वाहतुकीने जातात, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांना ती लागू आहे. ही सोय अनेक वाचकांना आणि काही टपाल कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते. मागून घ्यावी लागते.

रमजानमध्ये देण्याचा हिशेब प्रत्येक घरात होतो. जकात कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणातच ठरलेले आहेत; ग्रंथालयाला पुस्तकं देणं त्यात ओढून-ताणून बसवायचा खटाटोप नको. फितराही त्याच्या जागी. पण माणूस गेल्यावरही ज्यांचा सवाब चालू राहतो अशा तीन गोष्टी हदीसमध्ये सांगितल्या आहेत: सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. गावाच्या वाचनालयात ठेवलेलं पुस्तक यातल्या दोहोंत तरी बसेल. आणि ईदी आहेच. पोरांच्या हातात शंभराची नोट येते, ती संध्याकाळी कुरकुरे आणि मोबाइलच्या रिचार्जमध्ये जाते. एखाद्या चाचाने, एखाद्या खालाने त्या नोटेबरोबर पुस्तक दिलं तर पोरगं तोंड वाकडं करील, हे खरं. पुस्तक घरातच राहील, आणि पुढच्या रमजानमध्ये दुपारी झोप येत नसेल तेव्हा कुणाच्या तरी हाती लागेल.

ग्रंथालयांत बहुतेक ठिकाणी एक वही असते, वाचकांच्या मागण्यांची. ती टेबलाच्या खणात असते आणि फारसं कुणी मागत नाही. तिच्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव आणि जमल्यास प्रकाशकाचं नाव लिहायचं. एकाच पुस्तकाची मागणी चार-पाच वेगवेगळ्या वाचकांनी नोंदवली तर ग्रंथपालाला समितीपुढे ते ठेवायला आधार मिळतो. कासा, डहाणू, तलासरी, जव्हार अशा गावांतल्या वाचकांनी या महिन्यात सुरुवातीला दोनच नावं लिहावीत: ‘उसवण’ आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’. दुसरं कदाचित आधीच कपाटात असेल. तसं असेल तर त्याच्या आतली चिठ्ठी उघडून शेवटची तारीख कोणती आहे ते बघावं आणि त्याखाली आपली तारीख घालून घ्यावी.